मला सुचले, मी ठरवले

गेल्या दिवाळीच्या आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तेव्हा तिच्या तळाशी माझ्या जुन्या रोजनिश्या सापडल्या. त्यांतली 2003 सालची, तपकिरी रेक्झिनच्या बांधणीची, कोपरे कसरीने खाल्लेली रोजनिशी मी उभ्या उभ्याच चाळू लागलो आणि 11 एप्रिलच्या पानावर थांबलो. निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘बढतीची यादी लागली. नाव नाही. दुपारी राजीनाम्याचा मसुदा केला, खणात ठेवला. का, ते लिहवत नाही.’ त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. त्या घरगुती होत्या आणि त्या क्षणी त्यांच्याकडे माझे लक्ष गेले नाही.

या पानाने माझी झोप का उडवली, ते कळण्यासाठी माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी वीस वर्षे सांगत आलो आहे. मुंबईतली चांगली नोकरी सोडून मी वाईला परत आलो, कारण आई अंगणात घसरून पडली, तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि तिचे करणारे घरात दुसरे कोणी नव्हते. हे सारे खरे आहे. आई पडली ती जूनमध्ये, पहिल्या पावसाने अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरले तेव्हा, आणि मी राजीनामा दिला जुलैमध्ये. निर्णयाची रात्रही मला लख्ख आठवते. दवाखान्यातली खोली, निळा रंग दिलेले लोखंडी स्टूल, सलाइनच्या बाटलीतून पडणारा थेंब आणि तो मोजता मोजता मनाशी झालेला निश्चय, की आता परत जायचे नाही. मी खोटे कधीच बोललो नव्हतो. जे आठवत होते तेच सांगत होतो. मात्र ज्या निश्चयाचे मूळ मी त्या स्टुलावर शोधत आलो, त्याचा मसुदा दोन महिने आधीच कचेरीतल्या माझ्या टेबलाच्या खणात पडून होता.

खोटे बोलणाऱ्याला निदान खरे काय ते ठाऊक असते. मला तेही ठाऊक नव्हते. अपमानाने दुखावलेला एक माणूस राजीनामा लिहितो, तो खणात ठेवतो, पुढे आईचे आजारपण येते आणि तो माणूस स्वतःच्याच आठवणीतून इतका पुसला जातो, की वीस वर्षांनी त्याचे अक्षर समोर आले तरी ओळख पटायला वेळ लागतो. मग ‘मी हे का केले’ या प्रश्नाचे उत्तर देताना आपण नेमके कुठे पाहत असतो?

वाईला आल्यापासून माझे पोट मुद्रितशोधनावर चालले आहे. दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये वाचायची, त्यांचे कर्ता-कर्म-क्रियापद जुळते का ते पाहायचे, हा माझा व्यवसाय. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे आला तोही क्रियापदाच्या रूपाने. रोजनिशीत मी ‘लिहीत नाही’ असे लिहिले नव्हते, ‘लिहवत नाही’ असे लिहिले होते. या दोन रूपांत फार अंतर आहे. ‘लिहीत नाही’ म्हणणारा माणूस नकार देतो. ‘लिहवत नाही’ म्हणणाऱ्याची लिहिण्याची इच्छा असते, हात असतो, लेखणी असते, आणि तरीही ते त्याच्याने होत नाही. बोलवेना, पाहवेना, राहवले नाही, ही सारी रूपे त्याच जागेवरून आलेली आहेत, जिथे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि तो सुटल्याचे त्याला कळत असते.

एकदा या वाटेने पाहू लागल्यावर लक्षात आले, की आपली भाषा मनाच्या व्यवहारात ‘मी’ला कर्त्याची जागा सहसा देतच नाही. मला भूक लागते, झोप येते, राग येतो, आठवण येते, कंटाळा येतो, कविता सुचते, माणूस आवडतो, म्हणणे पटते. येणारा राग असतो, सुचणारी कविता असते, आणि मी म्हणजे ते ज्याच्या दारी येतात तो घरधनी. ‘मी रागावलो’ असेही म्हणता येते, पण खऱ्या संतापाच्या क्षणी तोंडून ‘मला इतका राग आला’ हेच निघते. ठरवणे, निवडणे, नाकारणे, सोडणे, अशा मोजक्या क्रियापदांपाशी मात्र ‘मी’ ठामपणे उभा राहतो. सुचले मला, ठरवले मी.

तिथेही भूतकाळात एक मौज होते. ‘मी पत्र लिहितो’ म्हणताना क्रियापद माझ्यामागे चालते. बोलणारी स्त्री असेल तर ‘लिहिते’ होते. पण लिहून झाल्यावर ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’, ‘मी मसुदा लिहिला’. आता क्रियापद लिहिलेल्या वस्तूमागे जाते आणि लिहिणारा पुरुष होता की स्त्री, हे विचारतही नाही. शाळेत याला आपण कर्मणी प्रयोग म्हणत होतो आणि गुण मिळवून विसरून जात होतो. व्याकरणातून तत्त्वज्ञान काढण्याचा मोह धोक्याचा आहे, याची मला जाणीव आहे. भाषेची ही घडण शतकानुशतकांच्या बोलण्यातून झाली आहे, कोणी चिंतन करून ती ठरवलेली नाही. तरीही जे कृत्य होऊन गेले त्यावरची कर्त्याची पकड सैल झालेली असते, हे माझ्या रोजनिशीच्या पानाने मला जितके शिकवले, तितकेच या प्रयोगाने जवळून दाखवले.

युरोपातल्या विचारवंतांनाही हा प्रश्न क्रियापदापाशीच अडला होता. देकार्तने 1637 मध्ये ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ असे लिहिले आणि त्या ‘मी’वर सगळ्या ज्ञानाची इमारत उभारायला घेतली. पुढच्या शतकात गटिंगेनच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या लिख्टेनबर्गने आपल्या टिपणवहीत शंका नोंदवली, की वीज चमकली म्हणताना जर्मन माणूस कोणी चमकवणारा गृहीत धरत नाही, मग विचाराच्या बाबतीतच ‘मी करतो’ असे का म्हणावे? जर्मन भाषेला अशा वाक्यातही ‘ते’ या अर्थाचा एक नाममात्र कर्ता ठेवावा लागतो. मराठीला तेवढाही लागत नाही. उजाडले, सांजावले, गडगडते, मळमळते, ही आपली पूर्ण वाक्ये आहेत. कोण उजाडले, असे कोणी विचारत नाही. पहाटे चारला जाग येऊन डोक्यात जे चालू होते, ते मला तरी मी करत असलेल्या कामासारखे कधी वाटलेले नाही. ते उजाडण्यासारखे असते.

येथवर बुद्धीला पटत होते. अवघड भाग पुढे आहे. विचार येतो हे मान्य केले, तरी आपण म्हणतो, की तो का आला, मी असे का वागलो, हे अंतर्मुख होऊन पाहिले तर मला कळेल. इतरांना बाहेरून अंदाज करावा लागतो, मला आतून दिसते. याच विश्वासाला गेल्या शतकातल्या काही प्रयोगांनी मुळापासून हादरा दिला आहे.

तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापत असत, म्हणजे एका बाजूचा झटका दुसऱ्या बाजूला पसरत नसे. अशा रुग्णांवरच्या संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना 1981 चे नोबेल मिळाले. त्यांचे शिष्य मायकेल गझानिगा आणि गझानिगांचे विद्यार्थी जोसेफ लेडू यांनी 1970 च्या दशकात अशाच एका तरुण रुग्णाला पडद्यावर एकाच वेळी दोन चित्रे दाखवली. बोलण्याचे काम करणाऱ्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पंजा दिसला, तर मुक्या उजव्या गोलार्धाला बर्फाने झाकलेले घर-अंगण दिसले. मग समोर मांडलेल्या चित्रांतून जुळणारी चित्रे निवडायला सांगितले. उजव्या हाताने कोंबडी निवडली. डाव्या हाताने, जो उजव्या गोलार्धाच्या ताब्यात असतो, बर्फ ओढायचे फावडे निवडले. दोन्ही निवडी अचूक होत्या. पण ‘फावडे का?’ असे विचारल्यावर उत्तर द्यायचे होते डाव्या गोलार्धाला, आणि त्याने बर्फ पाहिलेलेच नव्हते. त्या तरुणाने क्षणभरही न अडखळता सांगितले, की पंजा कोंबडीचा, आणि कोंबडीचे खुराडे साफ करायला फावडे लागते.

मी हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा त्या उत्तरापेक्षा त्यातला ‘न अडखळता’ हा तपशील माझ्या मनाला लागला. ‘ठाऊक नाही’ असे तो म्हणू शकला असता, आणि तेच खरे ठरले असते. पण मनाला ‘ठाऊक नाही’ सोसत नाही. गझानिगांनी मेंदूतल्या या कारण पुरवणाऱ्या यंत्रणेला अर्थ लावणारा दुभाषी म्हटले. मला सांख्य या आपल्याकडच्या प्राचीन दर्शनातला ‘अहंकार’ आठवला. आज आपण हा शब्द गर्व या अर्थी वापरतो, पण सांख्यांच्या मांडणीत अहंकार म्हणजे ‘मी’ निर्माण करणारे, जे जे घडते त्यावर ‘हे माझे, हे मी केले’ असा शिक्का उठवणारे तत्त्व आहे. आपल्या पूर्वजांना मेंदूविज्ञान ठाऊक होते, असला दावा मला करायचा नाही. तसे म्हणणे दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे आहे. पण ‘मी’ हा मालक नसून शिक्का मारणारा कारकून असू शकेल, ही शंका त्यांनी फार आधी गांभीर्याने घेतली होती, एवढे निश्चित.

मेंदू कापलेल्या माणसाचे सोडा, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात तो सांगितला आहे. दुकानात एका टेबलावर त्यांनी नायलॉनच्या लांब पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यांतला सर्वांत चांगल्या प्रतीचा कोणता, असे विचारले. चारही जोड तंतोतंत सारखे होते. तरी डावीकडून उजवीकडे निवडीचे प्रमाण वाढत गेले : 12, 17, 31 आणि सगळ्यांत उजव्या जोडाला 40 टक्के. निवडीचे कारण विचारल्यावर लोकांनी पोत सांगितला, वीण सांगितली. मांडणीतल्या जागेचा उल्लेख एकानेही आपणहून केला नाही, आणि तसा परिणाम झाला असेल का असे विचारले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी तो झिडकारला.

त्या निबंधाचा खरा गाभा पुढच्या एका निरीक्षणात आहे. अनेक प्रयोगांत असे दिसले, की स्वतः कृती करणाऱ्याने आपल्या वागण्याची जी कारणे दिली, जवळपास तीच कारणे ती कृती न केलेल्या, फक्त प्रसंग ऐकलेल्या परक्या माणसानेही दिली. म्हणजे कर्त्याने आत डोकावून काही विशेष आणले नव्हते. माणसे साधारणतः असे का वागतात याविषयी समाजात जे समज रूढ असतात, त्यांतला एक समज त्याने उचलला होता आणि तो आपल्या आतून आला आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटले होते.

हे वाचताना मला 2003 चा जुलै आठवला. वाईत ज्याने त्याने मला विचारले होते, ‘काय रे, नोकरी सोडलीस म्हणे?’ आणि मी उत्तर देण्याआधीच विचारणाऱ्याने ते दिले होते : ‘आईसाठी ना? बरं केलंस बाबा.’ आमच्या आळीत कोणालाही ते कारण सुचले असते. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1940 मध्येच म्हटले होते, की हेतू सांगण्याची प्रत्येक समाजाची स्वतःची शब्दावली असते आणि माणूस आपले हेतू तिच्यातूनच घेतो. आपल्याकडे ‘बढती नाकारली म्हणून सोडली’ हे कारण हलके ठरते, ‘आईसाठी सोडली’ हे भारदस्त ठरते. ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती आपल्याला काय करू देते आणि काय करू देत नाही, याविषयी आपण पुष्कळ बोलतो. तीच धास्ती आणखी आत शिरते आणि आपण जे केले ते का केले, याची आपली स्वतःची समजूतसुद्धा घडवते, याविषयी मात्र फारसे बोलत नाही.

मग आईचे कारण खोटे होते का? येथे मला घाई करायची नाही, कारण या प्रश्नावर मी कित्येक रात्री काढल्या आहेत. आई 2012 साली गेली. मधली नऊ वर्षे मी तिच्याजवळ होतो. खुब्याची शस्त्रक्रिया झाली तरी ती पूर्वीसारखी चालू शकली नाही. तिला उठवून बसवणे, शेवटच्या दीड वर्षात दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, पाठीला पावडर लावणे, भात मऊ कालवून भरवणे, हे मी केले. जर एप्रिलमधला अपमान हेच खरे कारण असते, तर तो अपमान वर्षा-दोन वर्षांत विरल्यावर मी दुसरी नोकरी धरून मुंबईला परत गेलो असतो. तशी संधी एकदा आलीही होती, आणि ‘मी आईसाठी आलो आहे’ हे वाक्य इतक्या वेळा तोंडून गेले होते, की ते मोडून जाणे मला जमले नाही.

यातून मला असे वाटू लागले आहे, की कारण सांगणे हे पुष्कळदा वृत्तांत देणे नसते, शब्द देणे असते. ‘आईसाठी सोडली’ हे एप्रिल-जुलैतल्या घडामोडींचे वर्णन म्हणून पाहिले तर अपुरे आहे; पण आळीतल्या लोकांसमोर, आईसमोर आणि स्वतःसमोर दिलेला शब्द म्हणून पाहिले तर तो मी पाळला. उसने घेतलेले कारण अंगावर वागवता वागवता माझे झाले. अर्जुनाने गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारले आहे, की माणूस आपली इच्छा नसताना, जणू बळजबरीने ढकलल्यासारखा, कोणाच्या प्रेरणेने पाप करतो? तो प्रश्न मला नेहमीच फार माणसासारखा वाटत आला आहे. पण आपल्या हातून जे चांगले घडते, तेही अनेकदा असेच ढकलल्यासारखे घडते, आणि त्याच्या प्रेरणेची विचारपूस आपण करत नाही, कारण तेथे ‘मी केले’ म्हणायला आपण तयारच असतो. माझ्या हातून कप फुटतो, पण बक्षीस मी मिळवतो.

आणि येथेच माझी खरी चूक होती. शब्द म्हणून जे वाक्य मी पाळले, ते वर्णन म्हणून दुसऱ्यावर उगारण्याचा अधिकार मला नव्हता. तो मी घेतला. आई गेल्यावर वाईच्या घराचे काय करायचे, असा विषय निघाला होता. ताई नाशिकहून आली होती. बोलता बोलता आवाज चढले आणि मी तिला म्हणालो, ‘मी आईसाठी नोकरी सोडली. तू काय सोडलंस?’ ताई काही बोलली नाही. ओट्यावरचे भांडे उचलून ती मोरीत विसळू लागली. ते स्वच्छच होते. सासूचे आजारपण, दोन मुले आणि शाळेतली नोकरी सांभाळून ती नऊ वर्षे दर सुट्टीत आईपाशी येत होती, आणि मुलीने आईसाठी काही सोडले तर ते सोडणे आपल्याकडे मोजले जात नाही, हे तिच्या त्या गप्प राहण्यात होते. मला ते तेव्हा दिसले नाही. माझे कारण मला फार मोठे दिसत होते.

रोजनिशी सापडल्यावर तीन दिवस मी ती टेबलावर उघडी ठेवून काम करत राहिलो. प्रुफावर हात चालत होता, पण ‘मी केले’ आणि ‘माझ्याकडून झाले’ यांत दुसऱ्याचे वाक्य दुरुस्त करताना पूर्वी जी खात्री असे ती राहिली नव्हती. ‘झाले’ म्हटले तर अंग काढून घेतल्यासारखे होते आणि ‘केले’ म्हटले तर जे मला उमगलेही नव्हते त्यावर मालकी सांगितल्यासारखे. ताईच्या बाबतीत मात्र कोणते क्रियापद लागते याविषयी शंका नव्हती. ते वाक्य मी बोललो होतो. ते का बोललो, हे शोधत बसलो असतो तर मनाने एखादे सुबक कारण न अडखळता काढून दिले असते.

चौथ्या दिवशी रात्री तिला फोन लावला. प्रस्तावना केली नाही. ‘तुला एक वाचून दाखवतो,’ एवढेच म्हटले आणि 11 एप्रिलचे पान वाचायला सुरुवात केली. बढतीची यादी, राजीनाम्याचा मसुदा, खण. ‘लिहवत नाही’पाशी थांबलो. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

‘एप्रिल ना?’ ती म्हणाली. ‘आई पडली ती जूनमध्ये.’

‘हो.’

‘पुढे काय लिहिलंयस?’

पुढे काही विशेष नाही, असे मी म्हणणार होतो, पण पान समोर होते. मग त्या खालच्या दोन ओळी मी प्रथमच नीट वाचल्या. ‘रात्री आईचा फोन. परसातल्या झाडाच्या कैऱ्या उतरवल्या, लोणचे घालायचे आहे, हात दुखतो म्हणाली. कधी येतोस, विचारले. येतो म्हटले.’

ताई म्हणाली, ‘परत वाच.’

मी परत वाचले.